डोक्याची बीजप्रक्रिया

रविवार, ३ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. पुरावा पाहिजे म्हणून. उद्या रिझल्ट आला की हेच लोक म्हणतील, याचे आधीपासूनच दाट होते. आणि नाही आला तर कंपनीला कोर्टात खेचायला तारखा लागतील.

माझी बाजू अशी. वय पस्तीस. भातकुलीत स्वतःचं कृषी सेवा केंद्र, अमरावतीत स्वतःचं घर, व्यसन कोणतंच नाही. तरी मुली नकार देतात. आई म्हणते, डोक्यामुळे. मला हे मान्य नाही. मला टक्कल नाही. कपाळ मोठं आहे आणि मागच्या बाजूला थोडी विरळणी झाली आहे. विरळणी तर पिकालाही चांगली असते.

आता अकोल्याचं स्थळ आलं आहे. साधना नाव, शाळेत शिक्षिका. मोठेबाबांनी आणलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, जानराव. भातकुलीजवळच्या आमच्या गावी राहतात. वडील मी नववीत असताना गेले, तेव्हापासून मला बाप म्हणून तेच. मुलीकडे बायोडाटा मी पाठवला, फोटोसकट. फोटो २०१६चा आहे. त्यात काय एवढं? आधार कार्डावर त्याहून जुना आहे, सरकारला चालतो.

मुलीचे वडील नत्थुजी फोनवर विचारतात, पाहायला कधी येता. तारीख सांगायच्या आधी डोकं फोटोच्या बरोबरीला आणायचं आहे. काम एवढंच.

मंगळवार, ५ ऑगस्ट

अकोल्याच्या चामडीच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. अमरावतीत डॉक्टर पुष्कळ आहेत, पण इथे मला कोणी दवाखान्यात पाहिलं असतं तर बातमी अकोल्याला पोचायला वेळ लागला नसता. म्हणून थेट अकोल्यालाच गेलो. मूर्तिजापूर सोडल्यावर लक्षात आलं की मुलीचं घरही अकोल्यातच. तोंडाला मास्क बांधला, डोक्यावर बियाणे कंपनीची टोपी. वेटिंगमध्ये सगळे माझ्याकडेच पाहत होते. कारण कळलं नाही.

डॉक्टर हुशार वाटले. म्हणाले, डोक्याच्या कातडीवर जिवाणू असतात, काही चांगले, काही वाईट. चांगल्या जिवाणूंचा अर्क लावला तर काही लोकांना फरक पडतो, अजून संशोधन चालू आहे. मी म्हटलं, सर, मला जास्त समजावू नका, मी शेतकऱ्यांना हरभऱ्यासाठी रायझोबियम विकतो. मुळाशी जिवाणू पोचला पाहिजे, इतकंच ना? ते म्हणाले, इतकंच, पण जिथे मूळच राहिलं नाही तिथे काही उगवत नाही, आणि तुमच्या डोक्यावर वरच्या भागात... मी म्हटलं, समजलं. हे वाक्य ते सगळ्यांनाच ऐकवत असतील.

फार अपेक्षा ठेवू नका, असंही दोनदा म्हणाले. इथे माझी खात्री पटली. माल अस्सल असला की दुकानदार असाच कमी बोलतो. मी स्वतः खात्रीच्या मालाबद्दल तोंड उघडत नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

डॉक्टरांनी दिलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली. प्रोबायोटिक अर्क, रंग ताकाच्या निवळीसारखा. लेबलवर पेनानं रेघ मारली, कोणी वापरलं तर कळावं म्हणून.

आईनं विचारलं, हे काय आणलं. म्हटलं, दुकानातलं सॅम्पल. ती म्हणाली, "विषाची बाटली दह्याजवळ काहून ठेवतं रे?" म्हटलं, विष नाही, टॉनिक आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डोक्याकडे पाहिलं, आणि दह्याचं पातेलं वरच्या कप्प्यात सरकवलं. ती नजर मला आवडली नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

संशय खरा ठरला. बाटलीतला माल रेघेच्या फारच खाली गेला आहे. मी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच थेंब घेतो. फार तर थोडे जास्त.

पहिला संशय आईवर. ती झोपली असताना तिचा अंबाडा तपासला. जागी झाली. म्हणाली, "काय पाहून राहिला?" म्हटलं, ऊ दिसली. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते.

दुसरा संशय अश्विनवर. अश्विन हा मोठेबाबांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, शेती पाहतो. डोक्यावर इतके केस की कंगव्याचे दात तुटतात. रविवारी आला होता. फ्रिज स्वतः उघडून पाणी प्यायला. स्वतः का उघडला? आई देत होती ना ग्लासात.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला टोपी काढावी लागली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ते दुसऱ्याच कशाला हसले असतील.

उशीवर आज बरेच केस. आधी घाबरलो. मग विचार केला, जुनं पान गळल्याशिवाय नवं फुटत नाही. म्हणजे औषध लागू पडलं.

बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलं आहे, दर आठवड्याला डोक्याचा वरून आणि मागून फोटो काढा. काढणार नाही. असे फोटो कंपनीवाले जाहिरातीत वापरतात. शिवाय फ्लॅशमध्ये केस दिसत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. मी बोटांनी चाचपून नोंद ठेवतो. आज चाचपल्यावर खरखर लागली.

सोमवार, १८ ऑगस्ट

मोठा धोका झाला. लेबलवर बारीक अक्षरात "लायसेट" लिहिलं आहे. मोबाइलवर शोधलं. लायसेट म्हणजे जिवाणू फोडून, चुरून काढलेला अर्क. म्हणजे मेलेले! मी शेतकऱ्याला मेलेलं रायझोबियम दिलं तर तो पुढच्या वेळी दुकानात पायातली वहाण हातात घेऊन येईल.

कंपनीला फोन लावला. तिकडून एक मॅडम म्हणाल्या, सर, अर्क असाच असतो, त्याच्यातच गुण असतात. मग विचारायला लागल्या, किती दिवस झाले, पद्धत बरोबर वापरता का, डोकं कोणत्या पाण्यानं धुता, बोअरचं आहे का. म्हणाल्या, प्रत्येकाची कातडी वेगळी असते, धीर धरा. मी चमकलो. शेतकरी बियाणं उगवलं नाही म्हणून आला की मी अगदी हेच म्हणतो. जमीन कशी आहे, पाणी कोणतं, पद्धत बरोबर वापरली का, धीर धरा. ही बाई आधी नक्की कृषी केंद्रात कामाला असणार. अशा माणसावर किती विश्वास ठेवायचा, मला माहीत आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कंपनीच्या भरवशावर राहायचं नाही, असं ठरवलं. शास्त्र मला येतं. बियाण्याला जिवाणू चिकटावा म्हणून आपण गुळाचं पाणी वापरतो, आणि मग सावलीत सुकवतो. उन्हात जिवाणू मरतो. डोक्यालाही हेच लागू. बाटलीतला अर्क, त्यात ताज्या दह्याची निवळी म्हणजे जिवंत माल, आणि वर गुळाचं पाणी. अशी बीजप्रक्रिया या देशात आधी कोणी डोक्यावर केली नसेल. रिझल्ट आल्यावर पेटंट घेणार.

लावून सावलीत बसलो. पंखा बंद, नाहीतर जिवाणू उडून जातात.

बुधवार, २० ऑगस्ट

मुंग्या.

लाल होत्या. जास्त लिहिण्याची इच्छा नाही. आई म्हणाली, "मले वाटलं गुळाची भेली उघडी राहिली." आता तिला सगळं माहीत झालं. तिनं आवाज न करता हसायचा प्रयत्न केला, पण पदर हलत होता.

दुकानात एका शेतकऱ्यानं विचारलं, ताक कधीपासून ठेवायला लागले? आंबट वास येऊन राहिला. मी म्हटलं, नवीन जैविक औषध आलं आहे. तो म्हणाला, मग एक लिटर द्या. दिलं नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा

गावी गेलो. कालच बैलांचे खांदे हळदलोण्यानं चोळले होते. जुवानं घासून खांद्यावरचे केस गेलेले असतात, तिथे यंदा चांगली लव आली आहे. लोण्याचा विचार करायला हरकत नाही.

अश्विनला मिठी मारली आणि त्या निमित्तानं त्याच्या डोक्याचा वास घेतला. जवसाच्या तेलाचा आला, अर्काचा नाही. तो मागे सरकून म्हणाला, "काहून बे, सकाळीच घेतली काय?" हुशार आहे. वर जवस लावून आतला वास दाबला असेल.

मोठेबाबांचे केस मात्र मला कोड्यात टाकतात. वय ऐंशीच्या वर, डोकं पांढरं, पण कापसाच्या वावरासारखं भरलेलं. सहज विचारतो असं दाखवून विचारलं, तुम्ही लावता काय? म्हणाले, "काई नाई बावा. वावरातल्या काया मातीनं धुतो, अन् डोक्यात काई ठेवत नाई." हे उत्तर नव्हे. काहीतरी दाबून ठेवत आहेत.

त्यांना अश्विननं नवीन मोबाइल घेऊन दिला आहे. मी बैलाच्या शिंगांना गोंडे बांधत होतो, गर्मीनं टोपी काढून ठेवली होती, तेव्हा ते मागे उभे राहून फोटो काढत होते. मी म्हटलं, समोर या, बैलांची तोंडं इकडे आहेत. म्हणाले, "तू बांध. मी बैलाचे काहाडून राहिलो." मागून कोणी बैलांचे फोटो काढतं का?

गुरुवार, २८ ऑगस्ट

मोठेबाबा एसटीनं अकोल्याला जाऊन आले. एकटे. गुडघ्याचा डॉक्टर, म्हणाले. गुडघ्याला अमरावतीत डॉक्टर नाहीत? कोणत्या डॉक्टरकडे गेले असतील, याचा अंदाज मला आला आहे. चामडीचा. इतके दाट केस बिनऔषधाचे नसतातच. म्हाताऱ्यानं शेवटी माझ्याच डॉक्टरला गाठलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

नत्थुजींना कळवलं, फवारणीचा सीझन आहे, पाहणी पुढे ढकलू. ते "बरं" म्हणाले.

साधनाशी व्हिडिओ कॉल झाला. चांगली बोलते. पोरांच्या सहलीचं सांगत होती, एक मुलगा बसमध्येच झोपून राहिला आणि शाळेत हजेरी घेताना सापडेना. मी हसलो, तर म्हणाली, तुम्ही हसता तेव्हा छान दिसता. मनात गार वाटलं. मग म्हणाली, घरात टोपी का? म्हटलं, सवय, ऊन लागतं. ती म्हणाली, पाऊस पडतोय ना तिकडे? म्हटलं, पावसातलंही लागतं.

शनिवार, ६ सप्टेंबर

साधनाचा मेसेज: "बायोडाटात लिहिलेलं नाही असं काही सांगायचं असेल तर सांगा. मला चालेल."

बराच विचार केला. असा प्रश्न का विचारला? कोणीतरी कान भरले असणार. उत्तर दिलं: "मी पारदर्शक माणूस आहे. चहा कमी पितो." तिनं अंगठा पाठवला.

आता पितृपक्ष. बरं झालं. पंधरा दिवस पाहणीचं नावच काढता येत नाही. एवढ्यात मागची बाजू भरून निघेल.

बुधवार, २४ सप्टेंबर

मोठेबाबांचा फोन. चिडले होते. म्हणाले, "कवा जातं अकोल्याले? पोरगी चांगली हाय, लोक चांगले हायेत. तुले जायाची लाज वाटत असन तं मी येतो संगं." म्हटलं, दसऱ्यानंतर, सोयाबीन निघू द्या. म्हणाले, "सोयाबीन तुह्या डोक्यावर हाय काय?"

हा टोमणा होता की आशीर्वाद, ठरवता आलं नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा. साधनाला सोन्याच्या पानांचा फोटो पाठवला, दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही. शिकवणी वगैरे असेल. सुट्टीच्या दिवशी शिकवणी कशी, हा प्रश्न आहेच.

नत्थुजींना मीच तारीख कळवली: २६ ऑक्टोबर, भाऊबीजेनंतरचा रविवार, पक्का. त्यांचं उत्तर आलं: "जानरावजींसोबत बोलणं झालं आहे." म्हणजे त्यांनीही पक्कं धरलं.

दुसरी बाटली मागवली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मोठेबाबा आजारी. छातीत पाणी झालं म्हणतात. अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, आता घरी आणलं.

एक विचार मनात आला आणि जात नाही. लिहावा की नाही कळत नाही, पण रोजनिशी दुसरा कोणी वाचत नाही. मोठेबाबांचं बरंवाईट झालं तर दहाव्याला डोकं करावं लागेल, म्हणजे सगळं भादरावं लागेल. पुतण्याला लागतंच असं नाही, पण माझ्यासाठी तेच बाप, त्यामुळे लोक मला सोडणार नाहीत. सव्वीस तारखेला पाहणी. आताच तर बाजूनं भरत आलं आहे.

मोठेबाबा आत्ताच आजारी पडायचं कारण काय?

सोमवार, १३ ऑक्टोबर

भेटायला गेलो. जायचं टाळत होतो, आई ओढून घेऊन गेली. मोठेबाबा खाटेवर. बारीक झाले, पण केस तेवढेच. मला जवळ बसवलं आणि डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवत तसा. म्हणाले, "हे चिकट काय लागून राहिलं रे?" म्हटलं, टॉनिक. म्हणाले, "राहू दे आता तिकडचं. मी बोलतो तुह्यासंगं, जरासा बरा झालो का." मग खोकला आला.

"राहू दे" म्हणजे टॉनिक बंद कर, असं त्यांचं म्हणणं असावं. त्यांचं काय, त्यांना भरपूर आहेत. पण हाताला चिकट लागलं म्हणजे चिकटायला काहीतरी उगवलं आहे, हे निश्चित. परतताना खुशीत होतो.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

मोठेबाबा गेले. सकाळी.

शनिवार, १८ ऑक्टोबर

काल जास्त लिहिवलं नाही. आज धनत्रयोदशी, पण आमच्याकडे दिवाळी नाही.

नत्थुजींना मेसेज केला, सुतक आहे, पाहणी पुढे. ते म्हणाले, तेरवीला येतो. चांगला माणूस आहे.

मोजून पाहिलं, दहावा नेमका सव्वीस तारखेला येतो. ज्या दिवशी केस दाखवायचे, त्याच दिवशी ते नदीवर जाणार. आयुष्यात मोठेबाबांनी माझं वाईट कधी केलं नाही. आताच का?

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

क्रिया सांगणाऱ्या महाराजांना बाजूला घेऊन विचारलं, पुतण्यानं नुसती एक बट दिली तर चालते ना? शास्त्रात सोय असेलच. म्हणाले, "चालते. मनाले चालत असन तं." मग माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "पण बट काहाडसान कुठून?" लोकांना सुतकातही थट्टा सुचते.

आईनं ऐकलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली की तुझे वडील गेले तेव्हा तू लहान, डोकं करताना रडत होता, तेव्हा मोठेबाबांनी तुझ्याआधी स्वतःचं करून दाखवलं. धाकट्या भावासाठी थोरल्याला करायचं कारण नव्हतं. म्हणाले होते, "पाय, दुखत नाई."

हे मी विसरलो होतो. आता आठवलं तर सगळंच आठवलं. वस्तऱ्याचं पाणी थंड होतं. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

ठरलं, डोकं करणार. मोठेबाबांसाठी.

शिवाय एक गोष्ट लक्षात आली. दहाव्याला सगळ्यांचीच डोकी होणार, अश्विनचंही. मग कोणाच्या डोक्यावर आधी काय होतं, हे सांगता येणार कोणाला? तेरवीला नत्थुजी येतील, त्यांना सगळी डोकी सारखीच दिसतील. पुढे पाहणीला "सुतकात काढले" म्हटलं की झालं. उलट मान वाढेल. एवढी सोपी गोष्ट आधी का सुचली नाही? जाता जाताही मोठेबाबांनी माझं काम करून दिलं. मी उगाच त्यांच्यावर संशय घेतला.

रविवार, २६ ऑक्टोबर

पेढी नदीवर दहावा झाला. देवमन न्हावी आला होता. आधी अश्विन बसला. बराच वेळ लागला. ओल्या काळ्या केसांचा ढीग पडला. मग भावकीतला एक जण, मग आणखी दोघं. सगळ्यांचा वेळ लागला.

मी बसलो. देवमननं पाणी लावलं, कानाच्या वरून दोन पट्टे काढले, मागून एक फिरवला आणि म्हणाला, "चला, कोण हाय पुढचं?"

मी म्हटलं, वरचं राहिलं. तो थांबला. ओल्या तळव्यानं माझं डोकं पुसलं, नीट वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, वरचं काय काहाडू? आज दिवस कोणता हाय, तुमी बी गंमत करता." अश्विन रडत होता, तो रडता रडता हसला आणि मग आणखी रडला.

देवमनचा वस्तरा बोथट असावा. नवी लव असल्या वस्तऱ्याला लागत नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर. तेरवी

नत्थुजी आले. उंच, सावळे, सावकाश बोलणारे. मी मुद्दाम टोपी न घालता समोर गेलो. डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, काय करणार, होते ते सगळे मोठेबाबांना वाहिले. ते पंगतीत जाऊन बसले. जेवण झाल्यावर मला चिंचेखाली घेऊन गेले आणि मोबाइल काढला.

फोटो होता. पोळ्याचा. मोठेबाबांचे दोन्ही बैल, झूल घातलेले, आणि बैलाच्या शिंगाला गोंडा बांधणारा एक पाठमोरा माणूस. पूर्ण टकला. उन्हात डोकं नुसतं चमकत होतं.

मी विचारलं, हा कोण?

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग परत माझ्याकडे. मी फोटो मोठा करून पाहिला.

शर्ट माझा होता.

त्यांनी सांगितलं ते असं. पोळा झाल्यावर मोठेबाबा स्वतः त्यांच्या घरी अकोल्याला गेले होते. गुडघ्याचं निमित्त. म्हणाले, "पोट्ट्यानं जुना फोटो धाडला. त्याच्या मनात खोट नाई, लाजते. हा आताचा पाहून घ्या, मंग हो म्हणा का नाई म्हणा. समोरून टोपी काहाडत नाई, म्हणून मागून घेतला." साधनानं दोन्ही फोटो पाहिले. नत्थुजी तिचं बोलणं तसंच सांगत होते: "थे म्हणे, जुना फोटोवाला मले काई खास नाई वाटला. हा बैलवाला चालते. बैलाले काय सांगून राहिला असन, म्हणे."

मी म्हटलं, मग?

"मंग काय," नत्थुजी म्हणाले, "तिनं तुमाले इचारलं, काई सांगाचं हाय काय. तुमी चायाचं सांगतलं. तारीख तं दर डाव पुढं. पोरगी म्हणे, बाबा, हा माणूस मले भेटाले येऊनच नाई राहिला, तो फोटोच तयार करून राहिला." दसऱ्याला मोर्शीचे पाहुणे आले, संत्र्याचे बागवाले. पोरीला कुंकू लावून, लग्न पक्कं करून गेले. मोठेबाबांना फोन केला, तर त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, त्याले तुमी नका सांगू, मी सांगतो.

मुलगा कसा आहे, विचारलं. नत्थुजी संकोचले, पण फोटो दाखवला. मोर्शीवाला समोरून उभा, हसत. कपाळापासून मानेपर्यंत एक केस नाही.

"उघड्या डोक्यानंच आला थो," नत्थुजी म्हणाले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून जेवणाच्या पंगतीकडे गेले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

"राहू दे आता तिकडचं." ते अकोल्याबद्दल बोलत होते. मला वाटलं टॉनिकबद्दल. ते मला कसं सांगावं, याच्या विचारात होते, आणि मी त्यांच्या हाताला काय चिकटलं ते पाहत होतो.

आज दुकान उघडलं नाही. नत्थुजींकडून तो फोटो मागवून घेतला. कोपऱ्यात मोठेबाबांचं बोट आलं आहे. मोबाइल नवीन होता ना, धरता येत नव्हता. ते बोट पाहून खूप रडलो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अश्विन मोठेबाबांच्या वावरात हरभरा पेरतो आहे. दोन्ही बाटल्यांत उरलेला अर्क थोड्या बियाण्याला लावला. गुळाचं पाणी करून, सावलीत सुकवून, अगदी पद्धतशीर. अश्विन म्हणाला, हे कायचं औषध? म्हटलं, तुला माहीत असेल. तो म्हणाला, मले काय माईत? चेहऱ्यावरून तरी खरंच माहीत नसल्यासारखं वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

हरभरा वर आला. बाटलीवाल्या ओळी आणि बाकीच्या ओळी सारख्याच आहेत. जमीन काळी आहे, पाणी बोअरचं. धीर धरायला हवा.

अश्विनचं डोकं पूर्ण काळं झालं. माझं कानांच्या वर आणि मागून उत्तम फुटलं आहे. वरच्या भागात दुबार पेरणी लागेल.

त्या मोर्शीवाल्याचा मात्र विचार जात नाही. टक्कल जरा जास्तच सारखं होतं. कडेलासुद्धा काही नाही. मूळचं टक्कल असं नसतं, मला अनुभव आहे. साधनाला बैलवाला आवडला, हे त्याला कुठून तरी कळलं असणार आणि तो मुद्दाम भादरून आला असणार. मोर्शीला जाऊन चौकशी केली पाहिजे.

आई पुन्हा मोकळेपणानं बोलायला लागली. नवीन बायोडाटा केला तिनं, मला न विचारता. २०१६चा फोटो काढून टाकला आणि त्या जागी पोळ्याचा लावला. मला दाखवायला आणला तेव्हा मी भांडायची तयारी केली होती. पण हरकत घेतली नाही. बैल चांगले आले आहेत.